प्लॅटफॉर्मची हद्द

आगीचा पंप तपासायला गेलो की मी तीन प्रश्न विचारायचो. पंप आहे का? बटण दाबताच सुरू होतो का? आणि शेजारी स्फोट झाल्यावरही चालत राहील का? पहिल्याला सगळे झटकन हो म्हणत. दुसऱ्यासाठी चाचणीची वही पुढे येई, तिच्यात दर आठवड्याला इंजिन चालवल्याची नोंद, वेळ, सही. तिसऱ्या प्रश्नाला वही नसते. तिथे उठून, शिडी चढून बघावं लागतं. पंप दोन आहेत, पण दोन्ही एकाच भिंतीआड आहेत का? डिझेलची टाकी कुठे आहे? पंपाकडे येणारी केबल कुठल्या बाजूने येते, आणि नेमकी तीच बाजू पेटली तर?

समुद्रातले तेल-वायूचे प्लॅटफॉर्म अपघात किती सोसू शकतात हे जोखणं, हे माझं काम होतं. नोकरी ठेकेदाराकडे, घर गोराईत. खाडी ओलांडून बोरिवली, तिथून लोकलने पार्ले, मग जुहूचा हेलिपॅड. चौदा दिवस वर, चौदा दिवस घरी. गावात अजूनही लोक विचारतात, तिकडे नेमकं काय करायचास? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचो, एवढंच सांगता येतं. जगात हा प्रश्न महत्त्वाचा ठरला तो फार मोठी किंमत मोजल्यावर.

६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रात, स्कॉटलंडच्या पूर्वेला, पायपर अल्फा हा प्लॅटफॉर्म पेटला. १६७ माणसं गेली. त्याच्याकडे आगीचे पंप होते आणि ते बिघडलेलेही नव्हते. पण पाणबुडे कामाला असताना पंपाच्या तोंडाशी कुणी ओढला जाऊ नये म्हणून डिझेल पंप आपोआप सुरू न होता हाताने सुरू करायच्या स्थितीत ठेवलेले होते. त्यामागची काळजी खरी होती. स्फोट झाला आणि त्या पंपांपर्यंत जायची वाटच उरली नाही. त्यातच टार्टन आणि क्लेमोर या शेजारच्या प्लॅटफॉर्मवरचं उत्पादन चालू राहिलं, त्यामुळे जळत्या पायपरला जोडलेल्या पाइपलाइन भरलेल्याच राहिल्या. लॉर्ड कलन यांनी १९९० मध्ये चौकशीचा अहवाल दिला, त्यात १०६ शिफारशी होत्या. त्यांचं सार असं की सरकारी तपासनिसाने यादीवर टिकमार्क करून भागणार नाही. प्लॅटफॉर्म चालवणाऱ्यानेच लेखी सिद्ध करायचं की इथे काय काय बिघडू शकतं, बिघडल्यावर माणसं कुठे थांबतील, किती वेळ तग धरतील आणि कशी बाहेर पडतील.

आपल्याकडचा हिशोब मुंबई हायपासून सुरू होतो. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगने तिथे तेल शोधलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, पुढे उरणपर्यंत पाइपलाइन आली. पाण्याची खोली साधारण ७५ मीटर, म्हणून इथले प्लॅटफॉर्म तळाशी ठोकलेल्या पोलादी पायांवर उभे राहतात. आमच्या शेजारच्या वसईचं जुनं इंग्रजी नाव लावलेलं बेसिन हे वायूचं क्षेत्रही याच समुद्रात आहे. गोराईच्या चौपाटीवरून यातलं काहीच दिसत नाही, पण मनोरी-उत्तनचे खलाशी रात्री फ्लेअरच्या, म्हणजे तिथे जाळल्या जाणाऱ्या वायूच्या, उजेडावरून दिशा ओळखतात.

मुंबई हाय नॉर्थ हा चार प्लॅटफॉर्मचा समूह होता आणि चौघांना पूल जोडत होते. विहिरींचा प्लॅटफॉर्म १९७६ चा, राहण्याचा १९७८ चा, तेल-वायू वेगळे करणारा १९८१ चा, आणि एक नंतरचा. माणसं निजत होती त्या प्लॅटफॉर्मपासून दाबाखालचा वायू एका पुलाच्या अंतरावर होता.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस मुंबईत कुणाला सांगावा लागत नाही. समुद्र खवळलेलाच होता. समुद्र सुरक्षा नावाचं बहुउद्देशी जहाज पाणबुड्यांचं काम करत होतं. त्यावरच्या स्वयंपाक्याची बोटांची टोकं कापली गेली. जखम जीवघेणी नव्हती, पण डॉक्टर हवा होता. हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळत नव्हतं. मग जहाज प्लॅटफॉर्मजवळ न्यायचं आणि जखमी माणसाला क्रेनच्या बास्केटमधून वर घ्यायचं ठरलं.

अशी जहाजं नांगर टाकत नाहीत. तळाचे पंखे संगणकाच्या सांगण्यावरून फिरत राहतात आणि जहाजाला एका जागी धरून ठेवतात. समुद्र सुरक्षा वाऱ्याच्या बाजूने जवळ येत होतं. म्हणजे काही बिघडलं तर वारा त्याला प्लॅटफॉर्मपासून दूर नेणार नव्हता, प्लॅटफॉर्मवरच ढकलणार होता. पंख्यांच्या नियंत्रणात अडचण आली, म्हणून जहाज हाताने चालवत, मागच्या बाजूने जवळ आणलं. जखमी माणूस सुखरूप वर गेला. जहाज परत निघालं, एका मोठ्या लाटेने उचललं गेलं, आणि त्याचा हेलिडेक प्लॅटफॉर्मच्या रायझरवर आदळला.

रायझर म्हणजे समुद्राच्या तळावरून प्लॅटफॉर्मवर चढणारा उभा नळ. जुन्या विहिरींमधलं तेल आपल्या जोराने वर येत नाही, म्हणून त्यांत दाबाखालचा वायू सोडावा लागतो. त्याला गॅस लिफ्ट म्हणतात. हा वायू प्लॅटफॉर्मवरून विहिरींकडे नेणारे रायझर पोलादी सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला होते. बोटी लागतात तिथे लहान बोटींच्या धक्क्यापुरतं संरक्षण होतं. एवढं मोठं जहाज मागून येऊन आदळेल हे त्या संरक्षणाच्या हिशोबात नव्हतं. वायू फुटला आणि जवळजवळ लगेच पेटला.

नळ बंद करायच्या झडपा होत्या. पण त्या नळाच्या टोकांना होत्या आणि काही नळ १२ किलोमीटरपर्यंत लांब होते. झडप मिटली तरी मधल्या एवढ्या लांबीत भरलेला वायू त्या फुटलेल्या तोंडातून येऊन जळणारच. समुद्राच्या तळाशी, प्लॅटफॉर्मच्या पायाजवळच आणखी एक झडप असली असती तर आगीला मिळणारं खाद्य फारच थोडं राहिलं असतं. पायपर अल्फाचा धडा हाच होता, आणि त्याला सतरा वर्षं झाली होती. हे लिहिताना अजूनही माझा जीव कळवळतो.

पुढच्या सुमारे दोन तासांत मुख्य प्लॅटफॉर्म कोसळला. समुद्र सुरक्षा पेटलं, शेजारी काम करणाऱ्या नोबल चार्ली येस्टर रिगला आगीची झळ बसली. आठ लाइफबोटींपैकी दोनच खाली उतरवता आल्या, दहा तराफ्यांपैकी एक. बाकीच्यांकडे जायच्या वाटेवर आग आणि धूर होता. सगळे मिळून ३८४ जण होते. नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी पुढच्या पंधरा तासांत ३६२ जणांना वाचवलं. २२ जण गेले. समुद्र सुरक्षा जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या बंद कोठडीत होते. खोल पाण्यात काम केल्यावर दाब हळूहळू उतरवायला काही दिवस लागतात, मधेच दार उघडलं तर मृत्यू. जळत्या जहाजाच्या पोटात ते सहाजण दीड दिवस होते आणि जिवंत बाहेर आले. ज्यांनी त्या जहाजापर्यंत जाऊन त्यांना बाहेर काढलं त्यांच्यापुढे मी हात जोडतो.

या दुर्घटनेबद्दल एक गोष्ट फार कमी बोलली जाते. जोखीम मोजताना आपण प्रत्येक बिघाडाची शक्यता वेगळी धरतो आणि त्यांचा गुणाकार करतो. हेलिकॉप्टर न मिळण्याची शक्यता थोडी, जहाजाच्या पंख्यात बिघाडाची थोडी, लाट एवढी मोठी असण्याची थोडी. थोड्याचा थोड्याशी गुणाकार केला की उत्तर नगण्य येतं आणि फाईल बंद होते. पण त्या दिवशी या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या. ज्या पावसाळ्याने हेलिकॉप्टर जमिनीवर ठेवलं, त्यानेच लाटा उठवल्या, आणि त्याच लाटांनी पाण्यात पडलेल्या माणसांना उचलणं अवघड केलं. कारण एकच असेल तर गुणाकार खोटा ठरतो. म्हणून मी नेहमी म्हणायचो की मूल्यमापन डिसेंबरच्या स्वच्छ दिवशी करा, पण धरून चाला २६ जुलै.

तेलाचा पुरवठा सावरायला फार वेळ लागला नाही. बरंचसं उत्पादन दुसऱ्या प्लॅटफॉर्मकडे वळवून काही आठवड्यांत सुरू झालं, आणि तेही कौशल्याचंच काम होतं. आपल्या अहवालांत सावरण्याची ताकद बहुतेक वेळा अशीच मोजली जाते, पुन्हा किती पिंपं आणि किती दिवसांत. मला विचाराल तर ते माप दुसरं. पहिलं माप म्हणजे किती माणसं घरी आली.

२००८ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू कामांच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम आले आणि ते पाळले जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेटवर आली. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा, धोक्यांचं लेखी मूल्यमापन, आणीबाणीची योजना, हे सगळं कायद्याच्या भाषेत बसलं. काम करताना त्याचा फरक मला जाणवला. जहाज जवळ बोलवायच्या आधी वारा कुठल्या बाजूचा, पंखे तपासले का, हे विचारून लिहून घेऊ लागले.

तरी एक प्रश्न शिल्लक राहिला, आणि आज मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. प्लॅटफॉर्मची हद्द कुठे संपते?

मे २०२१. तौक्ते वादळ येणार हे हवामान खातं काही दिवस आधीपासून सांगत होतं. १७ मे रोजी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. आमच्या गोराईत माड आडवे झाले, घरांवरचे पत्रे उडाले. त्याच दिवशी हिरा तेलक्षेत्राजवळ पी-३०५ या बार्जवर २६१ जण होते. वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी, बहुतेक सगळे कंत्राटी. अशा बार्जला चालायला स्वतःचं इंजिन नसतं. ती पाण्यावरची राहायची जागा आहे. नांगरांनी धरून ठेवलेली असते, हलवायची तर टगने ओढावी लागते. वादळ आल्यावर पळून जाणं तिच्या हातात नसतं. तिला वेळेआधी हलवायचं की नाही हे आधीच कुणीतरी ठरवावं लागतं.

नांगर सुटले. बार्ज वाहत जाऊन माणसं नसलेल्या एका प्लॅटफॉर्मवर आदळली, तळाला भोक पडलं, आणि संध्याकाळपर्यंत ती बुडाली. आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता यांनी त्या लाटांमध्ये जे केलं ते थोर आहे. १८६ जण वाचले. वरप्रदा नावाची टगही बुडाली, तिच्यावरच्या १३ पैकी दोघे वाचले. दोन्ही मिळून ८६ माणसं गेली. काहींचे देह रायगडच्या आणि थेट गुजरातमधल्या वलसाडच्या किनाऱ्याला लागले. बरेच तराफे फाटलेले होते, असं वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितलं.

आता आकडे शेजारी ठेवून पाहा. २००५ मध्ये २२. २०२१ मध्ये ८६. या दोन्ही वेळा विहीर उसळली नव्हती, प्लॅटफॉर्मवरचं यंत्र फुटलं नव्हतं. सुरुवात बाहेरून झाली, एकदा जहाजाने आणि एकदा बार्जने. १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर पडलं, त्यातले सातही गेले. २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं, नऊपैकी चौघे गेले. म्हणजे या मोठ्या घटनांमध्ये मरण प्लॅटफॉर्मच्या कडेवरून आलं आहे. त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या गोष्टींतून. आणि मूल्यमापनाचं जाडजूड दप्तर उघडलं तर सगळ्यात जास्त पानं प्लॅटफॉर्मच्या आतल्या यंत्रांवर असतात. बार्ज कुणाची? ठेकेदाराची. हेलिकॉप्टर? दुसऱ्या कंपनीचं. जहाज? भाड्याचं. प्रत्येकाची कागदपत्रं वेगवेगळ्या कपाटात. समुद्र मात्र सगळ्यांना एकच असतो.

हेलिकॉप्टरपुरतं सांगायचं तर तिथे माणसाला तयार करण्याचं काम चांगलं होतं. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची संस्था आहे, १९८९ पासूनची. समुद्रात जिवंत राहण्याचं प्रशिक्षण तिथे देतात. हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यावर बाहेर कसं पडायचं याच्या प्रशिक्षणात तुम्हाला पट्ट्याने बांधून केबिनच्या सांगाड्यात बसवतात आणि सांगाडा पाण्यात सोडून उलटा करतात. नाकात पाणी जातं, वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. नियम एकच. एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर, आणि हालचाल पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. घाईने सोडला की माणूस तरंगून उलट्या केबिनच्या वर आलेल्या तळाला चिकटतो आणि खिडकी हरवते. खिडकीवरचा हात म्हणजे दिशा. मोठमोठे अधिकारी तिथे पाण्यातून बाहेर येऊन काठावर गप्प बसलेले मी पाहिलेत.

बार्जवरच्या वेल्डरला मात्र एवढ्या तोडीचं काही शिकवलं जातं का? एक छोटा कोर्स, एक प्रमाणपत्र, आणि तो कामाला. त्याचा पगार ज्या साखळीतून येतो तिच्यात तीन-चार ठेकेदार असतात. साखळी जितकी लांब तितकं 'काम थांबवा' म्हणणं अवघड.

कडेवरच्या गोष्टींत आम्हीही येतो. आम्ही म्हणजे किनाऱ्यावरचे. बहिणीचा मुलगा उत्तनच्या बोटीवर तांडेल आहे. एकदा जाळं विणता विणता मला म्हणाला, "मामा, तुमच्या प्लॅटफॉर्मच्या पायाशी मासळी गच्च असते. पाचशे मीटर लांबून काय मिळणार?"

खरं बोलत होता. पोलादी पायांवर शेवाळ आणि कालवं धरतात, त्यांच्यामागे छोटी मासळी येते, तिच्यामागे मोठी. मी त्याला रायझरचं चित्र काढून दाखवलं. म्हटलं, तुझं लाकडी तारू त्या नळाला लागलं तर नळ वाकणारही नाही कदाचित. पण तुझ्या बोटीवर पेटता स्टोव्ह असतो आणि हवेत वायू सुटलेला असू शकतो. तुझा नांगर तळाच्या पाइपलाइनमध्ये अडकला तर तो ओढून काढताना तू काय ओढतोयस हे तुला कळणार नाही.

"मग आम्हाला हे कुणी आधी का नाही सांगत? नुसते भोंगे वाजवतात आणि हाकलतात."

त्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं. तटरक्षक दल कोळीवाड्यांत सभा घेतं, पण हाकलण्यामागचं कारण चित्र काढून सांगितलं तर माणूस ऐकतो. आणि बोलणं दोन्ही बाजूंनी व्हायला हवं. पाण्यावर तेलाचा तवंग, कुठे बुडबुडे, कुठे वाहत चाललेलं रिकामं जहाज, हे सगळ्यात आधी मच्छीमारांना दिसतं. २०११ च्या पावसाळ्यात ओमानजवळ सोडून दिलेलं एमटी पवित हे जहाज वाहत वाहत ३१ जुलैला थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. तेव्हा राज्यात मासेमारीला बंदी होती, म्हणजे मच्छीमार पाण्यावर नव्हते. त्याआधी अरबी समुद्र ओलांडताना ते कुणाच्या नजरेला आलं नाही. वाटेत एखाद्या प्लॅटफॉर्मच्या पायाला लागलं असतं तर काय, हा प्रश्न मी त्या आठवड्यात भेटेल त्याला विचारत होतो.

वयाबद्दलही बोललं पाहिजे. मुंबई हायवरचे बरेच प्लॅटफॉर्म पंचवीस वर्षांच्या हिशोबाने बांधलेले होते आणि ती वर्षं कधीच उलटली. म्हणून ते लगेच धोकादायक ठरत नाहीत. होडीचं बूड दरवर्षी खरवडून, फळी ठोकून पाहिलं की जुनी होडीही चालते, तसंच आहे हे. पण खरवडावं लागतं. लाटा जिथे वर-खाली होतात त्या पट्ट्यात पोलाद सगळ्यात लवकर गंजतं, कारण तिथे पाणी आणि हवा आळीपाळीने लागतात. पाणबुडे पायांवरची कालवं काढून एकेक वेल्ड तपासतात, तडा शोधतात, पोलादाची जाडी मोजतात. आयुष्य वाढवायचं तर हे आकडे ताजे हवेत. १९७८ च्या नकाशातली जाडी आजच्या गणितात टाकली तर उत्तर चुकणारच.

आमच्या गोराई-मनोरी-उत्तनची बरीच मुलं आता बार्जवर, रिगवर कामाला जातात. निघण्याआधी काही जण माझ्याकडे येतात, मी त्यांना चहा देतो आणि थोडं सांगतो. पोचल्यावर पहिल्याच दिवशी, बॅग ठेवायच्या आधी, आपली जमायची जागा चालत जाऊन बघा. मग रात्री दिवा बंद करून पुन्हा जा. तराफ्याच्या डब्यावर शेवटच्या तपासणीची तारीख असते. ती वर्षाच्या आतली हवी. नसेल तर फोटो काढा आणि सेफ्टी ऑफिसरला दाखवा. लाइफ जॅकेट बंकपाशी आहे की कुठल्यातरी कुलूपबंद कपाटात, ते पाहा. आणि वादळाचा इशारा आला तर बार्ज हलवायची की नाही हे कोण ठरवणार, त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर विचारून घ्या. दोन-तीन नावं सांगितली गेली तर समजा की अजून ठरलेलं नाही, आणि ठरेपर्यंत विचारत राहा.